झाकण

परवा स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण हातातून निसटलं. स्टीलचं, मोठं, जड झाकण. आडवं पडलं असतं तर एकदाच ठण्ण झालं असतं आणि विषय संपला असता. पण ते कडेवर पडलं आणि फरशीवर गरगरायला लागलं. आधी सावकाश, ऐसपैस, मग फेरे आखडत गेले तसा आवाज चढत गेला, शेवटी दातांत शिरणारी ती थरथर, आणि मग एकदम गप्प. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. तेवढ्यात मी काय केलं हे लक्षात आलं ते रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. मी वळून टेबलाखाली बघितलं होतं. वळकटी, माझी कुत्री, कुठे आहे, कान मागे गेलेत का, शेपूट पोटाखाली गेलंय का. ती टेबलाच्या पायाला चिकटून उभी होती, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. मी तिच्याकडे न बघता खाली फतकल मारून बसले आणि म्हटलं, "काही नाही गं वळके, झाकण आहे." दोनेक मिनिटांनी तिनं नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत अंग झटकलं, भिजलेलं कुत्रं झटकतं तसं, आणि पाणी प्यायला निघून गेली. मी झाकण विसळलं, पातेल्यावर ठेवलं आणि गॅस बारीक केला.

माझं घाबरायचं राहूनच गेलं.

झाकणाला काय घाबरायचं, असं कुणीही म्हणेल. पण तो आवाज माझा आहे. साडेचार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीबद्दल मी फार लिहिणार नाही. पाऊस, रस्त्यात दिवे न लावता उभा असलेला ट्रक, गाडी दादा चालवत होता, मी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत. धडक मला आठवत नाही. आठवतं ते त्याच्या पुढचं. इंजिन बंद पडलेलं, काचांचे तुकडे मांडीवर, आणि बाहेर डांबरावर कुठेतरी आमच्याच चाकाची निखळलेली कॅप गरगरतेय. लोखंडी थाळी फिरावी तशी. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि थांबला. तो थांबल्यावर दादा ओरडला. मधला जो क्षण होता, आवाज संपलेला आणि दादाचा आवाज अजून न आलेला, तो क्षण पुढे कित्येक महिने माझ्या घरात राहायला आला. कुठेही काही गोल वस्तू पडली की तो यायचा. मी आवाजाला घाबरत नव्हते, आवाज थांबल्यावर काय ऐकू येणार याला घाबरत होते. हे कुणाला समजावून सांगणार? शेवटी घरातली सगळी स्टीलची झाकणं गोणपाटात बांधून मी माळ्यावर टाकली.

दादाच्या मांडीत रॉड पडला. तीन शस्त्रक्रिया, आठ महिने काठी. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्यातला प्रत्येक जण दादाची चौकशी करून झाल्यावर जाता जाता माझ्याकडे वळून म्हणायचा, "तुला काही लागलं नाही ना? नशीब." मला खरंच ओरखडासुद्धा नव्हता. आधी मी "हो ना" म्हणायचे, नंतर नुसती मान हलवायला लागले, आणि त्यानंतर लोक आले की आत जाऊन बसायला लागले. दादाच्या जखमेला बँडेज होतं, तारीख होती, टाके निघायचा दिवस होता. माझ्या दुखण्याला यातलं काहीच नव्हतं. ज्या समुपदेशक बाईंकडे मी गेले त्यांनी सांगितलं की याला नाव आहे, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात राहून जाणारा ताणाचा विकार, आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तकात हे नाव 1980 साली आलं. त्याआधी युद्धावरून परतणाऱ्यांसाठी वेगवेगळी नावं होती, आणि आमच्यासारख्यांसाठी बहुधा "घाबरट" एवढंच. नाव मिळाल्यावर एक आठवडा बरं वाटलं. मग बाईंनी सुचवलं की तो आवाज अगदी बारीक करून, थोडा थोडा, त्यांच्यासमोर बसून ऐकायचा. मी तीनदा गेले होते. चौथ्या वेळी त्यांचा फोन आला तो मी उचलला नाही.

आपल्या भाषेनं कुत्र्याला फारसं बरं वागवलेलं नाही. "कुत्रं हाल खाणार नाही", "कुत्र्याच्या मौतीनं मेला", आणि ज्याला कुणी पुसत नाही त्याला "कुत्रंही विचारत नाही". त्या वर्षी माझी गत तीच होती. फोन कमी होत गेले, कारण मीच उचलत नव्हते. आणि मग नेमकं कुत्रंच आलं. बरं व्हायचं म्हणून मी ते आणलं, असं काही नाही. एका मैत्रिणीच्या ओळखीतलं शेल्टर भरून वाहत होतं आणि तिथल्या एका कुत्रीला पंधरा दिवसांसाठी कुणाच्या तरी घरचा कोपरा हवा होता. "नुसती पडून असते गं, तुला कळणारही नाही घरात आहे ते," मैत्रीण म्हणाली. हे मात्र खरं निघालं. शेल्टरमध्ये तिला कुठल्यातरी नटीचं नाव दिलेलं होतं. माझ्याकडे आल्यावर ती वॉशिंग मशीनच्या मागे शिरली आणि नाक शेपटाखाली घालून अशी गुंडाळून पडली की आई बघून म्हणाली, "ही काय वळकटी आणून ठेवलीस?" तेच नाव पडलं.

व्हेटनं तपासताना एक्स-रे काढला. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या कधीतरी मोडून वेड्यावाकड्या जुळलेल्या होत्या. ते प्रकाशाच्या डब्यावर लावलेलं काळं-पांढरं चित्र मी बराच वेळ बघत उभी राहिले. कधी मोडल्या, कशानं, कुणी? गाडीनं? लाथेनं? कळायला काही मार्ग नव्हता. पाचेक वर्षांची असेल, असं दातांवरून सांगितलं, म्हणजे पाच वर्षं ती कुठेतरी होती आणि त्याबद्दल एक अक्षरही कुणाला माहीत नाही. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याहून आधी एक क्षुद्र गोष्ट वाटली. तिच्याकडे निदान एक्स-रे आहे.

कुत्री सांभाळणाऱ्यांमध्ये तीनाचा एक हिशोब सांगतात: 3 दिवस भेदरलेलं, 3 आठवडे घराचा अंदाज घेणारं, 3 महिन्यांनी आपलं. हिशोब ढोबळ आहे आणि वळकटीनं तो मुळीच पाळला नाही. पहिले 11 दिवस ती मशीनमागेच होती. रात्री दोननंतर घर झोपलंय अशी खात्री करून बाहेर यायची, खायची, कोपऱ्यात घाण करायची आणि परत आत. अकराव्या दिवशी सकाळी फरशी पुसताना मी रडले, मैत्रिणीला फोन लावला आणि म्हटलं की घेऊन जा, माझं मलाच होत नाहीये. ती म्हणाली, संध्याकाळी येते. संध्याकाळी तिची गाडी बंद पडली. या एका नादुरुस्त गाडीवर पुढचं सगळं उभं आहे. म्हणून कुणी मला विचारलं की कुत्रं आणू का, मनाला बरं वाटेल का, तर माझ्या तोंडून पटकन "हो" निघत नाही. ज्याला स्वतःला अंथरुणातून उठवत नाही त्याला पहाटे पाचला एका भेदरलेल्या जनावराला बाहेर न्यावं लागतं. काहींना ते उठवतं, काहींना आणखी खाली दाबतं. मी दुसऱ्या प्रकारात जाता जाता राहिले.

त्याच रात्री, तिला न्यायला कुणी न आलेल्या त्या रात्री, बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी अवजड गाडीनं करकचून ब्रेक दाबला. पुढे काहीच झालं नाही. पण ब्रेकनंतरची शांतता आली, आणि मला न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसावं लागलं. पाय गारठलेले, तोंडाला पत्र्याची चव, छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. मशीन तिथेच, दाराशी. किती वेळ गेला माहीत नाही, नखांचा टिक-टिक आवाज आला. मी मान वर केली नाही, करायचं त्राणही नव्हतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, थोडी थांबली, मग वळली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मग मागे सरकत सरकत, इंचाइंचानं, तिचं ढुंगण माझ्या नडगीला टेकलं. बस्स. अश्रू चाटले वगैरे काही नाही. चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दाराकडे तोंड करून बसली होती आणि तिची पाठ माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होती, की माझा श्वास तिच्या पाठीबरोबर, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. अंगाला ओल्या पोत्यासारखा वास येत होता. पाठ फिरवणं म्हणजे साथ सोडणं, असं आपण म्हणतो. कुत्र्यांमध्ये ते उलटं असतं हे मला नंतर कळलं. ज्याच्यावर नजर ठेवायची गरज वाटत नाही त्याच्याकडे ती पाठ करतात.

जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, आई आणि बाळामध्ये वाढतं तेच. फार सुंदर प्रयोग आहे आणि तो मला येताजाता सगळे ऐकवतात. पण वळकटीनं माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं ते सातव्या महिन्यात. तोवर आमचं जे काही चाललं होतं ते ऑक्सिटोसिनविनाच चाललं असावं. डोळ्यांत बघणं हा तिच्या लेखी दम होता. तिच्याशी बोलायचं तर तिरकं बसायचं, जांभई द्यायची, नजर खाली. मला वाटतं, मलाही तेच हवं होतं. दीड वर्ष प्रत्येक जण माझ्या डोळ्यांत खोल बघून "कशी आहेस?" विचारत होता.

मग मी तिला वाचायला शिकले. काय काय नको असतं याची यादी करून फ्रिजवर लावली: उघडणारी छत्री, पट्ट्याच्या बकलाचा खणखणाट, हवेनं फुगणारी प्लास्टिकची पिशवी, गोल फिरणारं कुठलंही भांडं. शेवटची नोंद लिहिताना माझा हात थांबला. मी झाकणं माळ्यावर टाकली होती, पण आईनं एक पितळी वाटी पाडली होती आणि वळकटी तासभर मशीनमागून निघाली नाही. त्या वेळी मी पलंगावर बसून होते, पांढरीफटक. आई दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. पुढे ती यादी लांबत गेली आणि तिच्या शेजारी दुसरा रकाना आला, घाबरण्याआधी काय दिसतं त्याचा. कान ताणले जातात. जीभ नाकावरून एकदा फिरते. तोंड मिटतं, हलतं अंग थिजतं. उन्हाळा नसताना धाप. एक दिवस हा रकाना वाचताना जाणवलं की यातलं निम्मं मला लागू आहे. ब्रेकचा आवाज यायच्याही आधी, नुसतं चौकाच्या जवळ आलं की माझा जबडा आवळला जायचा आणि मी बोलायची थांबायचे. इतके महिने मला वाटत होतं की भीती अंगावर एकदम कोसळते. तिला पायऱ्या असतात, आणि खालच्या पायरीवर असताना काहीतरी करता येतं, हे मी कुत्रीच्या जिभेवरून शिकले.

शेल्टरमधली प्रशिक्षण देणारी मुलगी विशीतली होती. तिनं सांगितलं, "ताई, आवाज रेकॉर्ड करा. फोनचा आवाज एकावर ठेवा. आधी आवाज, मग लगेच खाऊ. उलटं करू नका, नाहीतर खाऊ दिसला की ती घाबरायला लागेल. कान मागे गेले की एक पायरी मागे यायचं. रोज पाच मिनिटं, जास्त नाही." मी ऐकत होते आणि मला हसू यायला लागलं. समुपदेशक बाई दीड वर्षापूर्वी हेच तर सांगत होत्या. मीच फोन उचलला नव्हता. आता कुत्रीसाठी करायचं म्हटल्यावर मी वही काढून लिहून घेतलं.

या पद्धतीची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट छापली. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा पिंजऱ्यातून थोडा लांब ठेवायचा, मग रोज जरा जवळ. बरं चाललं होतं. मध्येच पीटर आजारी पडून इस्पितळात गेला, बरा होऊन निघाला तर टॅक्सीपाशी एका मोठ्या कुत्र्यानं त्याच्या अंगावर झेप घेतली, आणि सशाची भीती होती तिथे परत येऊन बसली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायला लागला तरी त्याला चालायला लागलं. योगायोग असा की त्याच वर्षी, सप्टेंबरात, रशियात लेनिनग्राडमध्ये पूर आला आणि पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं. माणसांनी ती कुत्री पोहवत बाहेर काढली, वाचवली. पण नंतर बघतात तर काहींची आधीची सगळी शिकवण पुसली गेलेली. त्यातलं एक सावरत होतं, तर दाराखालून पाण्याची नुसती बारीक धार आत सोडल्यावर ते पुन्हा पार कोलमडलं. ही धार मी किती वेळा वाचली. पावलोव्ह काय सिद्ध करत होता याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मला ती धार ओळखीची वाटली. पुराचं पाणी केव्हाच ओसरलं होतं, खोली कोरडी होती, आणि तरी.

आवाज रेकॉर्ड करायचं काम मी दादाला दिलं. आमच्या घरी करणं मला शक्यच नव्हतं. त्यानं त्याच्या स्वयंपाकघरात झाकण पाडून पाडून सात-आठ रेकॉर्डिंगं पाठवली. एकात त्याचा आवाज आहे, "अजून किती वेळा पाडू? शेजारचे येतील." फोनवर मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं की मला हाच आवाज का हवाय. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "असलं काही फिरत नव्हतं गं. निदान मी नाही ऐकलं." मला राग आला नाही, पण एकटं मात्र फार वाटलं. त्या गाडीत आम्ही दोघंच होतो आणि तो आवाज माझ्या एकटीच्याच वाट्याला आला होता. मी मान वळवून पाहिलं, वळकटी सतरंजीवर झोपेत पाय हलवत होती, ओठ थरथरत होते. तिच्याही स्वप्नात काहीतरी होतं जे या घरात दुसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं.

आवाज एकावर. सतरंजीवर आम्ही दोघी. ती माझ्याकडे पाठ करून, मी भिंतीला टेकून. पहिल्या दिवशी माझं बोट फोनच्या काचेवर किती वेळ नुसतं टेकून राहिलं. मग दाबलं. मुंगीनं झाकण पाडावं तेवढा आवाज. वळकटीचा एक कान वळला. मी खाऊ टाकला. पुन्हा. तिचा कान, खाऊ. माझं सगळं लक्ष त्या कानावर, त्यामुळे आवाज थांबल्यानंतरचा तो जो क्षण, तो आला तेव्हा मी खाऊ टाकण्यात गुंतले होते. दर वेळी तसंच. त्या शांततेत आता काहीतरी घडायचं: खाऊ पडायचा, ती मचमच चघळायची. आवाज दोनवर यायला नऊ दिवस लागले. तीनवर गेल्यावर तीन दिवस मागे यावं लागलं, आणि मागे तिच्यामुळे यावं लागलं असं मी वहीत लिहिलं. ते खोटं होतं. त्या आठवड्यात मलाच झोप नव्हती. पाचावर असताना मी समुपदेशक बाईंना फोन केला आणि पुन्हा जायला लागले, ते आजतागायत चालू आहे. कुत्रं हे औषध नव्हे. गोळी कपाटात असते, तिची बरगडी मोडलेली नसते.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांचा 1967 मधला प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. कुत्र्यांना विजेचे झटके, काहींना ते थांबवता यायचे, काहींना काही केल्या नाही. मग सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला ठेंगणा अडसर ओलांडला की सुटका. पहिली उडी मारून गेली, दुसऱ्यांतली बरीचशी कण्हत बसून राहिली. वाचताना पोटात कालवतं, आणि असल्या प्रयोगांवर माझं दुखणं कळायला आधारलेलं असावं याची लाजही वाटते. पण त्यापुढचं कमी जणांना माहीत असतं. बसून राहिलेल्या कुत्र्यांना पट्ट्यानं ओढत अडसरापलीकडे न्यावं लागलं, पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे ती आपणहून जायला लागली. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 साली, त्याच दोघांनी लिहिलं की आमचं मूळ म्हणणं उलटं होतं. लाचारी शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासापुढे मेंदू तसाच गप्प पडतो. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काहीतरी आहे. माझ्या हातात त्या वेळी होता खाऊचा तुकडा आणि फोनचं बटण. कुणाच्या तरी भीतीचा आवाज मी कमी-जास्त करू शकत होते.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. बेलफास्टमधल्या संशोधकांनी 2022 साली 36 माणसांना 9000 पासून सतरा-सतरा वजा करत उलटं मोजायला लावलं, भंबेरी उडाल्यावर त्यांचा घाम आणि श्वास कापडावर टिपला, आणि आधीच्या शांत वेळचे नमुनेही ठेवले. चार कुत्र्यांनी ताणाचा वास 93.75 टक्के वेळा बरोबर ओळखला. म्हणजे वळकटीपासून मी काहीही लपवू शकत नाही. रात्री तीनला मी आवाज न करता जागी होते, दिवा लावत नाही, तरी दाराशी तिचं डोकं वर झालेलं असतं. लोक याला प्रेम म्हणतात. असेलही. पण एका घाबरलेल्या जिवाच्या नाकाशी मी रोज रात्री माझी भीती नेऊन ठेवत होते, तिला नको असली तरी तिनं काय करायचं? "तू तिला वाचवलंस की तिनं तुला?" असं गोड प्रश्नचिन्ह टाकून लोक हसतात, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. माझ्याकडे आली नसती तर तिला एखादं शांत, झोपणारं, झाकणांना न घाबरणारं घर मिळालं असतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सैनिकांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांवर 2024 मध्ये 156 जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत कुत्रं मिळालेल्यांची लक्षणं बरीच सौम्य झाली, पार गेली असं मात्र नव्हे. ती कुत्री निवडलेली, शिकवलेली असतात. माझी मशीनमागून आलेली. तिनं कुठल्याही कामाला होकार दिलेला नव्हता.

गेल्या महिन्यात दादा आला आणि आम्ही तिघं गाडीनं निघालो. तो चालवत होता. मी मागे, माझी जुनी बाजू, वळकटी मधल्या जागेत. एका ट्रकला त्यानं ओलांडलं तेव्हा मी जबडा सैल सोडला, पायाचे तळवे खाली टेकले, आणि बघितलं तर आरशातून तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "दादा, थांबायचंय का जरा?" त्यानं गाडी कडेला घेतली. काही बोलला नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वळकटीनं जांभई दिली. मग तो म्हणाला, "तुला काही लागलं नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत होतो." एवढंच.

झाकणांचं गोणपाट त्यानंच माळ्यावरून काढून दिलं. रेकॉर्डिंग संपून आता आम्ही खऱ्या झाकणावर आलो आहोत. उंची बोटांत मोजायची. एका बोटावरून सोडायचं, मग खाऊ. परवापर्यंत चार बोटं झाली होती. परवा ते ओट्यावरून पडलं, म्हणजे तिच्या हिशोबानं आभाळातून, आणि माझं घाबरायचं राहून गेलं याचा आनंद मला पुरता होत नाहीये. भीती गेली, का टेबलाखाली तिच्याजवळ जाऊन बसली?

आज सकाळी पुन्हा एकावर आलो. सतरंजी, झाकण, खाऊची वाटी. टुण्ण. कान वळला, खाऊ गेला. ती उठून आली, झाकणाच्या कडेचा वास घेतला, माझ्या मनगटाचा घेतला, बराच वेळ घेतला. मग नेहमीसारखी माझ्याकडे पाठ करून बसली आणि मागे सरकली. मी झाकण दोन बोटांवर धरलं.